झोळी कोणी बांधली

झोया दोन वर्षांची होती, पण हट्ट साठीच्या माणसाचा. झोपायचं तर झोळीतच. रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या घरी माजघराच्या वाशाला दादीच्या जुन्या सुती साडीची झोळी बांधलेली असे. तिच्यात टाकलं, चार हेलकावे दिले, की पोर गप. गादीवर ठेवलं की डोळे टक्क उघडे आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

तिचा बाप मुझम्मिल क्रूझवर होता. मोहल्ल्यात कोणी विचारलं तर तो 'हॉटेल साइडला' असं सांगायचा. म्हणजे पाहुण्यांच्या केबिनी झाडायच्या, चादरी बदलायच्या, टॉवेलाचे हत्ती-ससे करून पलंगावर ठेवायचे. कामात वाईट काही नव्हतं आणि तो ते चोख करायचा, पण सांगताना त्याला लाज वाटायची ती वाटायचीच. आता मात्र सुपरवायझर होण्याची वेळ आली होती. नवीन पोरांना तोच शिकवत असे, मॅनेजरसाहेब पाठीवर हात ठेवत असत, आणि पुढच्या फेरीला कागद हातात पडणार असं सगळे धरून चालले होते.

कंपनी माणसांच्या घरच्यांना सवलतीत तिकीट द्यायची. सुट्टी संपत आली तेव्हा मुझम्मिलने ठरवलं, अम्मीला एकदा जहाज दाखवायचं. अब्बा हयात असताना ते मालवाहू जहाजांवर, आणि अम्मी वर्षानुवर्षं मागे घर सांभाळत बसलेली. अम्मीने, म्हणजे हमिदाने, समुद्र रोज पाहिला होता, पण बंदराच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने बॅग भरली तेव्हा तळाशी झोळीचं कापड आणि दोरी घडी घालून ठेवली.

"अम्मी, तिथं पोरांसाठी जाळीची कॉट देतात," मुझम्मिल हसून म्हणाला.

"देऊं देत की. कापड काय खायला मागताय?"

मुंबईहून जहाज सुटलं. सवलतीची केबिन म्हणजे आतली, खिडकी नसलेली. दोन पलंग, आणि छताजवळून खाली उघडणारी एक फळी, म्हणजे वरचा बंक. शिडी चढणं अम्मीच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून मुझम्मिल वर गेला. त्याची बायको मनाल आणि अम्मी खालच्या पलंगांवर. राहिली झोयाची कॉट. ती पलंग आणि बाथरूमचं दार यांच्यामध्येच काय ती मावायची, आणि मावली की दार उघडायचं नाही. अम्मीला वयामुळे रात्रीतून उठावं लागे. दर वेळी पोरीसकट कॉट उचलून पलंगावर ठेवायची, दार उघडायचं, परत खाली ठेवायची. इतकं करून पोर झोपेल कशाला. मनालने तिला कुशीत घेऊन पाहिलं, पण पलंग अरुंद आणि पोर लोळणारी, म्हणून बाजूला बॅगा रचल्या. बॅगांवर पाय आपटत झोया आणखीच रडली.

दुसऱ्या सकाळी संदेश दारात उभा राहिला. हा मंडणगडचा पोरगा, मुझम्मिलच्याच हाताखाली शिकलेला. अवघडून म्हणाला, "सर, शेजारच्या केबिनवाल्यांनी तक्रार केलीय. दुसरी वेळ आहे, म्हणून सांगायला लागतंय." आपणच शिकवलेल्या शब्दांत आपल्यालाच समज मिळते आहे हे मुझम्मिलच्या ध्यानात आलं आणि त्याचे कान तापले.

हमिदा छताकडे बघत होती. तिथे मधोमध एक पितळी बोंड बाहेर आलेलं होतं. "ह्याला बांधली झोळी तर?"

"नाही, अम्मी," तो जरा चिडूनच म्हणाला. "तो स्प्रिंकलर आहे. आग लागली की त्यातून पाणी सुटतं. आत काचेची नळी असते, नुसता धक्का लागला तरी फुटते. छताला काहीही टांगायचं नसतं जहाजावर."

"बरा. मला काय ठावक," ती म्हणाली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. कापड बॅगेतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनाल अम्मीला घेऊन वरच्या मजल्यावर जेवायला गेली. मुझम्मिल झोयाजवळ थांबला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोर रडून रडून लाल झाली होती, आणि शेजारच्या भिंतीवर कोणीतरी टकटक केलं. ती टकटक त्याला सहन झाली नाही. त्याने बॅग उघडली.

छताला टांगायचं नसतं हे त्याला पाठ होतं. पण ही कुठे छताला होती. बंकाचा दांडा लोखंडी, मजबूत, स्प्रिंकलरपासून हातभर लांब. त्याने दांड्यावर दोरी टाकली, गाठ मारली, हाताने ओढून पाहिली. झोयाला आत घातली. चार हेलकावे आणि पोर गप. केबिनीत इतकी शांतता पसरली की मुझम्मिलला स्वतःचा श्वास ऐकू आला. आपण हे पहिल्याच दिवशी का केलं नाही, असं म्हणत तो झोका देत राहिला, आणि त्याचाही डोळा लागला.

जहाज जरासं कललं असेल. दोरी दांड्यावरून सरकत टोकाला गेली, आणि तिचं उरलेलं टोक उडून त्या पितळी बोंडात अडकलं. बांगडी फुटावी तसा आवाज झाला, आणि पाण्याचा लोंढा खाली आला. स्वच्छ पाणी नव्हे, वर्षानुवर्षं नळ्यांत कुजलेलं काळं, तेलकट, घाण वास मारणारं पाणी. मुझम्मिलने पोरीला ओढून छातीशी धरली आणि बाहेर पळाला. घंटा वाजू लागल्या. पाणी दाराखालून केबिनींच्या मधल्या गल्लीत आलं, शेजारच्या केबिनीत गेलं, खालच्या मजल्यावर टपकू लागलं.

मनाल आणि अम्मी धापा टाकत पोचल्या तेव्हा गल्लीत माणसांची दाटी झाली होती. अम्मीने आधी नात हातात घेतली, तिचे हातपाय चाचपले, ओढणीने तिचं तोंड पुसलं. पोर धड होती. तेवढ्यात सुरक्षेचा अधिकारी आला आणि त्याच्यामागून मॅनेजरसाहेब. अधिकाऱ्याने आत जाऊन पाहिलं. सोडवलेली दोरी आणि भिजलेलं कापड हातात धरून तो बाहेर आला.

"हे कोणी बांधलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मॅनेजरसाहेब मुझम्मिलकडे बघत होते. रागाने नव्हे. असं काही त्याच्या हातून होणारच नाही अशा खात्रीने बघत होते, आणि त्या खात्रीनेच घात केला.

"माझ्या आईने, सर," मुझम्मिल म्हणाला. "ती गावची आहे. तिला कळत नाही."

मनालचं तोंड उघडलं. "अहो, अम्मी तर माझ्या..." एवढंच ती बोलली, कारण हमिदाने तिच्या मनगटावर हात ठेवला. हमिदाला इंग्रजी येत नव्हतं हे खरं, पण सगळ्यांचे डोळे एकदम तिच्याकडे वळले होते. त्यातून न समजण्यासारखं काय होतं. तिने मुलाकडे एकदा पाहिलं. मग पोर खांद्यावर सारखी करून ती अधिकाऱ्याला म्हणाली, "सॉरी, साब."

तिला येणारा तो एकच इंग्रजी शब्द असावा.

अधिकारी नरमला. म्हाताऱ्या बाईवर काय ओरडायचं. पण नियम म्हणून समज द्यायची होती, आणि ती तिच्या भाषेत द्यायची होती. अम्मीला गल्लीतल्या खुर्चीवर बसवलं. संदेशने हाताने छताकडे दाखवत, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सगळं सांगितलं. अधिकारी मध्येच इंग्रजीत भर घालायचा, आणि ते मुझम्मिलला मराठीत करून सांगावं लागलं.

"अम्मी, ते म्हणतात, छताला काही टांगायचं नसतं."

"बरा."

"ते म्हणतात, पोरीच्या जिवावर बेतलं असतं."

"व्हय. बेतला असता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "नाय टांगणार परत."

मुझम्मिलला वाटलं, पायाखालचं ते काळं पाणी वाढावं आणि आपण त्यात नाकापर्यंत बुडावं. तरी तो बोलला नाही. मॅनेजरसाहेबांनी जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसरी केबिन मिळाली. तिथे अम्मीने जमिनीवर गादी घातली आणि झोयाला पोटाशी घेऊन ती फेरी संपेपर्यंत तशीच झोपली. मनाल नवऱ्याशी कामापुरतं बोलली. अम्मी पूर्वीसारखीच बोलली, आणि त्याला तेच जास्त जड गेलं.

रत्नागिरीला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर भरलं. क्रूझ पाहून आलेली बाई राजिवड्यात रोज कुठे मिळते. गल्लीतल्या बायका आल्या, आणि चुलते कमालचाचा आले. चाचांनी उभा जन्म जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढलेला, त्यामुळे जहाजाची गोष्ट त्यांच्यापुढे सांगायची म्हणजे परीक्षाच. हमिदाने जेवणाचं सांगितलं, गाण्याबजावण्याचं सांगितलं. मग मनालच्या कपाळावरची आठी बायकांना दिसू नये म्हणून की काय, तिने स्वतःच ती गोष्ट काढली.

"आणि मी काय केला ठावक हाय? झोळी बांधली आन् अर्धा जहाज भिजवला. आता अडाणी म्हणा नायतर काय म्हणा."

बायका पोट धरून हसल्या. कमालचाचाही हसले. मग त्यांच्यातला सारंग जागा झाला. "पण भाभी, दोरी घेतलीस कशावरून? छताला कडी तर नसतेच. गाठ कुठं मारलीस?"

हमिदा थांबली. तिला माहीत नव्हतं. तिने ती झोळी बांधलेली पाहिलीसुद्धा नव्हती, तिला दिसलं होतं ते फक्त भिजलेलं कापड. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मग तिने जे केलं त्याने मुझम्मिलच्या काळजाला घरं पडली. ती सहज हसून त्याच्याकडे वळली.

"तूच सांग रं. कशाला बांधली होती मी?"

त्याचं खोटं नीट सांगता येईना म्हणून ती त्याचीच मदत मागत होती.

"मी बांधली होती," मुझम्मिल म्हणाला. "अम्मी तिथं नव्हतीच. मी बांधली आणि साहेबांना अम्मीचं नाव सांगितलं."

कमालचाचांनी मान खाली घातली. मनालने झोयाला उचललं आणि ती आत गेली. मुझम्मिलला रडू येत होतं, पण बरंही वाटत होतं. आता अम्मी रागावेल, मारेल, जवळ घेईल, काहीतरी होईल.

हमिदा रागावली, पण हळू आवाजात.

"हिथं बोलून काय उपेग? हिथं मला अडाणी कोन समजतो? ही सगळी मानसा मला जल्मापासून वळखतात. जिथं बोलायचा होता तिथं गप ऱ्हायलास. त्या मानसांत माजी आब्रू तशीच पडून हाय."

"साहेबांचा नंबर आहे माझ्याकडे," तो कसाबसा म्हणाला.

"मग?"

तो फोन घेऊन पडवीच्या पार टोकाला गेला. पाठीवर सगळ्यांचे डोळे होते. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"अरे मुझम्मिल, बरं झालं तू केलास. तुझा कागद आज निघाला. सुपरवायझर. आई कशी आहे? तिला सांग, मनाला लावून घेऊ नको. गावच्या माणसांकडून होतं असं. मी अहवालात तुझं नाव कुठेच येऊ दिलं नाही."

बोलायचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. दारातूनच ते घोळवत तो आला होता. त्याने तोंड उघडलं. समोर गल्लीत उन्हात सुकत घातलेल्या जाळ्यांकडे त्याने पाहिलं. पलीकडे साहेब वाट बघत होते.

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

फोन ठेवून वळला तर अम्मी दाराशी उभी होती. "काय बोलला साहेब?"

"काही नाही. बोलले, मनाला लावून घेऊ नको."

शब्द खरेच होते. हमिदाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिचे डोळे भरून आले. जहाजावर सगळ्यांसमोर ती रडली नव्हती, ती आता रडली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत वळून सांगितलं, "कमालभाई, केलान हो फोन. बोललान साहेबाला."

"शाबास," चाचा म्हणाले, आणि सरकून त्यांनी आपल्याशेजारी जागा केली. "नोकरीची पर्वा न करता बोलला. भावाचा मुलगा हाय माझ्या."

मुझम्मिल जाऊन बसला. जहाजावर खोटं बोलला तेव्हा निदान अम्मीला खरं ठाऊक होतं. आता तेही उरलं नव्हतं. बायका पुन्हा बोलू लागल्या. अम्मीने डोळे पुसून चहा आणला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. तो घेऊन सगळ्यांसारखा तोही प्यायला.