इकडचं तिकडे

'कौटुंबिक जीवन व नातेसंबंध' हा विषय मी सोपा म्हणून घेतला. कुटुंब घरात होतंच, वेगळं पुस्तक कशाला आणायचं? पहिल्या खेपेला नापास झाले. आता पुन्हा राहिला तर अख्खं वर्ष जाणार होतं.

प्रात्यक्षिक असं होतं: सात दिवस घरच्यांचं निरीक्षण करायचं आणि कोण कुणाशी थेट किती वाक्यं बोललं ते तक्त्यात भरायचं. मागच्या वेळी आई आणि बाबांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. मॅडमनी लाल पेनाने शेरा मारला, 'असं घर नसतं.'

असतं. आमचं आहे. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आईच्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ हौसेने उघडलं, परत जोडलं आणि एक स्क्रू उरला. तेव्हापासून घड्याळ सव्वाचारावर बंद आहे आणि त्या दोघांचं बोलणंही. घर 'म्हणावं'वर चालतं.

"जेवायला या म्हणावं," आई मला सांगते. बाबा दोन हातांवर बसलेले असतात.

"बाबा, जेवायला या," मी सांगते.

"हात धुतो म्हणावं."

माझा सगळा दिवस असा इकडचं तिकडे करण्यात जातो.

या खेपेला मी नियम नीट वाचले. नियम चौथा: निरीक्षकाने मध्ये बोलू नये. मागच्या वेळी मी सबंध आठवडा मध्येच बोलत होते.

सोमवारी वही घेऊन गप्प बसले. "ताट वाढलंय म्हणावं," आई म्हणाली. मी ते लिहून घेतलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जेवण गार झालं. मंगळवारी आईने तेच वाक्य बंद घड्याळाला सांगितलं. बुधवारी बाबांनी स्वतःलाच "हो, येतो" म्हटलं. गुरुवारी मला रडू आलं. उद्या मी नोकरीला दुसरीकडे गेले तर ही दोघं भरल्या घरात उपाशी राहतील, याची मला खरंच भीती वाटली. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी घसा खाकरला.

"अगं, ही पोरगी पाच दिवस एक शब्द बोलली नाहीये. बरं आहे ना हिला?"

आईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "मला काय विचारता? कपाळाला हात लावून बघा."

बाबांनी लावला. "ताप नाही."

"मग तुमच्यावर गेलीय. एकदा तोंड मिटलं की मिटलं."

"माझ्यावर? अबोला तुझ्या माहेरचा!"

मला इतका आनंद झाला की पुढची दोन वाक्यं लिहायची राहून गेली.

रविवारपर्यंत एकशे बारा भरली. त्यातली शंभर तरी भांडणाची. मॅडमनी पास केलं. शेरा होता, 'आता कसं घरासारखं वाटतंय.'

निकाल घेऊन धावतच घरी आले. टेबलावर ते घड्याळ उघडं पडलं होतं आणि दोघं डोक्याला डोकं लावून त्यात वाकली होती. उरलेला स्क्रू आईने सहा वर्षं सुयांच्या डबीत जपून ठेवला होता.

"आई, बाबा, मी पास झाले!"

आईने मान वर केली नाही.

"थांब म्हणावं तिला," ती बाबांना म्हणाली. "आत्ता कुठे बसतोय."

मी दोन हातांवर उभी होते.

"आई म्हणतेय, थांब," बाबांनी मला सांगितलं.