दोन होड्यांचा पाहुणा

एकटा माणूस एकतर देवाधर्माला लागतो, नाहीतर सहली काढायला. देवाशी माझं फारसं जमत नाही, म्हणून २००६च्या ऑगस्टमध्ये मी वेस्प गावाहून फेख्त या डच नदीवर दोन मोटारहोड्या ठरवल्या. नाव नीळकंठ, वय बेचाळीस, राहणार डीमन. घरात मी आणि फ्रीज, आणि शनिवार-रविवारी दोघांपैकी आवाज करतो तो फ्रीज. या एका शनिवारची मी जूनपासून वाट बघत होतो. मित्रांना तसं बोललो नव्हतो. बोललो असतो तर त्यांनी कीव केली असती, आणि ती मला सोसत नाही.

एका होडीत सहाच माणसं, असा नियम. म्हणून एकीत सारंग, मृण्मयी आणि त्यांच्या दोन मुली, दुसरीत आशुतोष, भार्गवी आणि त्यांचे जुळे. मी उरलेला. या होड्यांना लायसन्स लागत नाही, त्यामुळे दोन्ही नवरे सकाळीच कॅप्टन झाले. वेग असा की काठावरून सायकलवर जाणाऱ्या आजीबाई आम्हाला मागे टाकत होत्या. पण ऊन चांगलं पडलं होतं, बंगल्यांची हिरवळ थेट पाण्यापर्यंत आली होती, आणि होड्यांना वाट द्यायला पूल वर उघडला की मुलं टाळ्या पिटत होती. मी आशुतोषच्या होडीत बसून त्याच्या सुकाणू धरण्यावर शेरे मारत होतो. सगळे हसत होते. हसवणं हे माझ्याकडे आलेलं खातं आहे.

फ्रेलँड गावाशी आम्ही होड्या बांधल्या आणि गवतावर चादरी टाकल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात. जेवण उरकत आलं तेव्हा सारंग म्हणाला, "नीळ्या, आता आमच्याकडे ये."

"मुळीच नाही," भार्गवी म्हणाली. "दादा आमच्याकडेच. आशुतोषला दोर बांधता येत नाही."

"तुम्ही सकाळपासून ठेवून घेतलंय त्याला!"

दोघांनी माझ्यावरून हुज्जत घातली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी माझ्यावरून भांडलं नव्हतं. निकाल काही लागला नाही. मी खरकट्या प्लेटांची पिशवी उचलली आणि कचऱ्याचा डबा शोधायला गावात गेलो. डबा चर्चच्या मागे सापडला. येता येता आइस्क्रीमच्या दुकानाशी जरा रेंगाळलो, सगळ्यांसाठी घ्यावं की नाही, वितळेल का, असा विचार करत.

परत आलो तर दोन्ही होड्या नव्हत्या.

घोळ लगेच लक्षात आला. सारंगला वाटलं भार्गवी जिंकली, भार्गवीला वाटलं सारंग जिंकला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण मला जेवून तरी घेता आलं होतं. खिशात मोबाइल होता. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत वळले असते. मी केला नाही. म्हटलं, बघू तरी, किती वेळात लक्षात येतं. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

नदीकाठच्या रस्त्याने मी आम्ही पुढे जाणार होतो त्या लूनन गावाच्या दिशेने चालायला लागलो. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. प्रत्येक मिनिटाला मी फोन काढून बघत होतो आणि स्वतःचाच राग येत होता. एवढा मोठा घोडा, आणि लपाछपीतल्या पोरासारखा कुणी शोधतंय का म्हणून कान टवकारून चाललाय! पस्तिसाव्या मिनिटाला एका वळणावर विलोच्या झाडांमधून सारंगची होडी दिसली. पुढचा पूल उघडायची वाट बघत ती काठाला उभी होती. आशुतोषची तिच्याही पुढे होती, उन्हासाठी छत ओढलेली; आत कोण आहे ते दिसत नव्हतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मला हाक मारायची नव्हती. त्यांनी मला मारायला हवी होती.

आणि फोन वाजला. सारंग! जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं, उगाच.

"नीळ्या, भेळेची हिरवी चटणी कुठल्या पिशवीत टाकलीस रे? मृण्मयी मघापासून शोधतेय."

मी झाडाआडून बघत होतो. फोन कानाला लावून तो पिशवीत वाकलेला दिसत होता.

"सारंग," मी म्हणालो, "मी कुठल्याच होडीत नाहीये. तुम्ही मला मागे टाकून आलात."

तो हसायला लागला. फोनवर हात न ठेवताच त्याने बायकोला सांगितलं, "नीळकंठ म्हणतोय, आपण त्याला फ्रेलँडलाच टाकून आलो!"

"मग पोहत या म्हणावं दादांना!" मृण्मयी ओरडली. मुलीही खिदळल्या. ते हसू मला आधी फोनमधून ऐकू आलं आणि मग पाण्यावरून.

"खरंच सांगतोय," मी म्हणालो. पण आवाज माझा नेहमीचाच निघाला, शेरे मारतानाचा. दुसरा आवाज मला काढता येईना. इतक्या वर्षांत कधी काढलाच नव्हता.

"हो, हो. आशुतोषला नमस्कार सांग. चटणी?"

"निळ्या पिशवीत, चुरमुऱ्यांच्या खाली. मुलींची भेळ आधी वेगळी काढ, चटणी तिखट झालीय."

"सापडली! तू सोबत आहेस म्हणून बरं, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं."

त्याने फोन ठेवला. पूल उघडला, आणि दोन्ही होड्या पलीकडे गेल्या.