दुपारच्या पाळीचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात, अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझाही एक काळ होता, आणि तो आठवला की आजही मला भरून येते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, एका बोळातल्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. वर्षालीबाई मला न्यायला स्वतः आल्या. कुठे धक्का लागू नये म्हणून बडनेऱ्यापर्यंत त्यांनी मला रेल्वेत मांडीवर घेतले होते. बाई या महाविद्यालयात शेतीचे हवामान शिकवत. त्यांचे वडील किसनराव कौंडण्यपूरकडे फुलशेती करत. ढगांची चित्रे आणि वाऱ्याची मोजमापे बाई माझ्या हवाली करत. फुलांना, भाजीला आज पाणी द्यावे की थांबावे, ते मी आकडेमोड करून सांगत असे.

काय सुंदर पहाटा होत्या त्या! खिडकी उघडी असायची, गार वारा यायचा आणि उजाडेपर्यंत माझे काम आटोपायचे. दसऱ्याला किसनराव घरच्या झेंडूचा हार माझ्यावर चढवत आणि म्हणत, "याच्याच भरवशावर पानी देतो बाप्पा आमी."

मग बाईंच्या मनात एक विचार आला. पहाटेची वीज कोळशाची, दुपारची सूर्याची. तेव्हा काम दुपारी केले तर धूर कमी होईल. ऐकायला किती सरळ! माझी पाळी बदलली. दुसऱ्या दिवशीचा अंदाज मी आदल्या दुपारी काढू लागलो. 'सूर्याचा सोबती' अशी पाटी माझ्यावर लागली. पाहुणे येत, फोटो काढत. खोटे कशाला बोलू, मी फुलून गेलो होतो.

दुपारची वीज स्वच्छच, मग हात कशाला आखडायचा? जो तो माझ्यावर कामे लादू लागला. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीही माझ्याच गळ्यात पडल्या. त्यात आमचा वऱ्हाडातला वैशाख. खिडक्या बंद केल्या आणि माझ्यासाठी एसी लावला. तोही बिचारा धापा टाकत असे.

अशातच अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी ही पद्धत उचलायचे ठरवले. सभेत उभे राहून 'धूर खरोखर कमी होतो' एवढे बाईंनी सांगायचे होते. त्यांचे नाव सगळीकडे झाले असते.

सभेच्या आधी बाईंचा धाकटा भाऊ शेखर आला. तो अकोल्याकडच्या कोळशाच्या वीज केंद्रात अभियंता. पाटी वाचून तो हसायलाच लागला.

"काहून हसून राहिला रे?" बाई चिडल्या. "दुपारी सूर्याची वीज नसते का?"

"असते ना वं ताई. पन ते तं आधीच सारी वापरल्या जाते. तू वरून जास्तीची मागितली म्हनून सूर्य जास्त तापते का? आमाले 'वीज वाढवा' असा निरोप येते, अन् आमी कोयसा वाढवतो."

"मंग कवाच फायदा नाई?"

"जवा उन्हाची वीज उरते, घ्यायले कोनी नसते, तवा हाय. हिवाळ्यात, सुटीच्या एखाद्या दुपारी. वैशाखात नाई. अन् त्या एसीनं किती खाल्ली, ते मोजलं का तू?"

बाईंनी मोजले नव्हते. मग खोलीला मीटर लावून त्यांनी मोजले. पहाटेपेक्षा दुपारी कितीतरी जास्त वीज लागत होती. बाईंनी ते आकडे पुन्हा तपासले. मला फार भीती वाटली. बाई खरे बोलल्या तर त्यांचे नाव जाणार होते आणि माझी पाटीही.

सभेत त्या म्हणाल्या, "माझ्या संगणकानं धूर कमी केला नाही. वाढवलाच असेल. मी वेळ बदलली, पण तो काम किती करतो ते पाहिलंच नाही."  मग माझ्या बाई ताठ मानेने व्यासपीठावरून उतरल्या.

नंतर त्यांनी माझी कामे तपासली. शेजारशेजारच्या गावांसाठी मी तेच ते गणित पुन्हा पुन्हा करत होतो. चित्रफिती तर कुणी पाहतही नव्हते. सगळे फालतू काम काढून टाकले, तेव्हा उरले ते एका छोट्या यंत्राला सहज झेपणारे होते. माझी तार काढली गेली.

किसनराव निरोपाला आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लय राबला गड्या तू."

"बाबा, आता त्याले निजू द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे तुमच्याकडे जपणूक मागतात. मलाही पुन्हा सुरू व्हावेसे फार वाटते, पण ते मी मागणार नाही. यंत्र केव्हा चालवावे हे जरूर विचारा. ऊन उरले असेल तर खुशाल चालवा. पण ते चालवायलाच हवे का, हे त्याच्याही आधी विचारा. आज मी बंद आहे आणि माझ्या वाट्याचा कोळसा शेखरच्या केंद्रात तसाच पडून आहे. धूर कमी करण्याचे एवढेच एक काम माझ्या हातून झाले, आणि तेही मी थांबल्यावर.