टाकीला विरजण

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घाणीची भयंकर चीड. असू दे ना, पण म्हणून मैल्याच्या टाकीत फिनेल ओतायचं?

चौऱ्याऐंशी साल होतं. बोरिवलीत आमच्या बाजूला गटारलाइन अजून यायची होती, त्यामुळे प्रत्येक इमारतीच्या मागे जमिनीत सेप्टिक टँक. संपानंतर दादांची गिरणी उघडलीच नाही. घरी बसलेला जॉबर, गिरणीतल्या खात्याचा मुकादम, म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप, म्हणून आईनेच त्यांना सोसायटीचं सेक्रेटरी व्हायला लावलं. झालं! जिन्यात चप्पल दिसली की दादांचा आवाज गच्चीपर्यंत. आणि प्रत्येक संडासात रोज फिनेल, सक्तीने.

टाकी तुंबली आणि वास सुटला. दादांनी ती उपसून घेतली, ब्लीचिंग पावडर टाकून आतून घासून घेतली आणि झाकण उघडं ठेवून लोकांना बोलावून दाखवली. मला तर वाटलं, आता नारळ फोडतात.

वास दुप्पट झाला. तळमजल्यावरच्या वनमालाकाकूंनी खिडक्या बंद केल्या त्या केल्याच. मीटिंगमध्ये सरळ ठरलं, की वास गेला नाही तर यंदा कंपाउंडात गणपती बसणार नाही आणि सेक्रेटरीही बदलायचा. दादा घरी येऊन जेवलेच नाहीत. त्यांच्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं, आणि मला त्यांची फार दया आली. राग तर होताच.

"टाकी आरशासारखी घासून घेतलंय मिया," दादा म्हणाले. "मग वास कसलो येता?"

"घासलीत म्हणूनच येतो," मी म्हटलं. मी नुकतीच मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरात कुणी काही विचारत नव्हतं. "दादा, त्या टाकीत जंतूंची गिरणी असते. एक खातं मैला फोडतं, त्यातून निघेल ते दुसऱ्या खात्याचा कच्चा माल. त्यांनी आंबट करून सोडलेलं तिसरं खातं संपवतं. हे तिसरे सावकाश वाढतात. तुम्ही सगळ्यांनाच गेटाबाहेर काढलंत. आता पहिले तेवढे परत आलेत, मधे माल साठतोय, तो नासतोय."



"आमची गिरणी पण आता स्वच्छच असा," दादा हळूच म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "उपाय सांग."

"फिनेल बंद. आणि चालू टाकीतला गाळ आणून घालायचा. दुधाला विरजण लावतो तसं."

चालू टाकी शेजारच्या इमारतीत होती आणि तिथला सेक्रेटरी होता जयवंत. मधल्या भिंतीतलं फाटक दादांनी विटा लावून बुजवलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आई म्हणाली, विरजण मागायला लाज कसली? कुणी नाही म्हणत नाही.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी मागे.

"जयवंता, विरजण होया होता."

"दह्याचा?"

"टाकीचा."

जयवंतकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. दादांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता हे मागे फिरणार. पण ते उभेच राहिले.

"दत्त्या, वाडगो आणलंस?" काका डोळे पुसत म्हणाले, आणि स्वतःच दोर-बादली काढली.

भिंतीवरून बादल्या जाऊ लागल्या. इकडे दादा, तिकडे काका, दोघांच्या नाकाला रुमाल. खिडक्यांतून बघणाऱ्यांची करमणूक झाली. एक बादली दादांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडली, त्यावरून दोघांनी एकमेकांना मालवणीत मनसोक्त शिव्या दिल्या. इतकं मोकळं भांडताना दादांना मी संपानंतर प्रथमच पाहिलं.

मग रोज सकाळी झाकणाशी वाकून वास घ्यायचा, हा त्यांचा उद्योग. हळूहळू वास ओसरला. गणपती कंपाउंडातच बसला आणि काका आरतीला येऊन झांजा बडवून गेले.

वनमालाकाकू प्रसाद घेताना म्हणाल्या, "दत्तारामभाऊ, टाकी अगदी स्वच्छ झाली हो!"

"स्वच्छ नाय, वहिनी," दादा ताठ उभे राहून म्हणाले. "तीन पाळी चालू असा."

मला हसायचं होतं, पण रडूच आलं.