कुंपणावरचा पहिला भोपळा

दौंडच्या रेल्वे कॉलनीत ललिता पाटोळेइतकी उतावळी बाई शोधून सापडली नसती. तिचा नवरा बन्सी, इंजिन ड्रायव्हर, डोळ्यांच्या तपासणीला सोलापूरला गेला होता आणि इकडे हिने तो पास झाल्याचे आभार मानायची तयारीही करून ठेवली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये कापणीचा सण होता. त्या दिवशी जो तो घरचं काहीतरी वेदीपुढे ठेवतो आणि पाळकसाहेब विचारतात, "हे कशाबद्दल?" क्वार्टरच्या कुंपणावरच्या वेलाचा पहिला भोपळा ललिताने शनिवारी सकाळीच नेऊन ठेवला. महिला मंडळाच्या सगुणाबाईंना सांगूनही टाकलं, "आमचे मिस्टर पास झाले म्हणूनच समजा!" गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

दुपारी बन्सी आला. बूट काढता काढता म्हणाला, "नापास झालो. गाडी बंद. आता शेडमधलं काम देतील."

ताट वाढायचं सोडून ललिता तडक चर्चकडे निघाली. देवाला दिलेलं परत आणायला निघालेली मंडळीतली ती पहिलीच बाई असावी. देवाने आपल्याला फसवलं असं तिला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर देवापेक्षा धास्ती सगुणाबाईंचीच जास्त होती.

भोपळा कमरेवर घेऊन ती वळली, तर दारात बन्सी.

"ठिव तो खाली."

"कशाला ठिवू? आभार मानायचं तरी कशाचं?"

तो बाकावर टेकला. "सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा, मी बी आन् असिस्टंटनं बी. नियमच हाय. पावसाळ्यापासनं मी त्याचं ऐकून मग बोलतोय. लांबचं दिसतच न्हाई गं मला. आन् मागं डबे भरून माणसं. साहेबाला सांगायची हिंमत व्हईना. रोज म्हणायचो, प्रभू, कुणाचा जीव जायच्या आत मला थांबव."

पावसाळ्यापासून हा माणूस घास चिवडत होता, आणि ललिता समजत होती भाजी आवडत नाही. पास कर, पास कर, असं तिने देवाला हजारदा सांगितलं; नवऱ्याला मात्र काही एकदाही विचारलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. मग त्या डब्यांतली माणसं आठवली, सगळी सुखरूप घरी पोहोचलेली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने भोपळा पदराने पुसून जागच्या जागी ठेवला.

रविवारी पाळकसाहेबांनी भोपळा उचलला. "हा कशाबद्दल?"

सगुणाबाई हसत मागे वळल्या. ललिता उभी राहिली.

"आमचे मिस्टर नापास झाले, त्याबद्दल."

शेजारी बन्सी डोळे चोळत बसला होता.

"काल जेवून झोपले ते आत्ता उठवून आणलेत," ललिता म्हणाली. "पावसाळ्यापासनं पहिल्यांदाच झोपले, पाळकसाहेब."