नळीवर उमटलेलं नाव

नेरिसाने फुंकर मारून तांब्याचा शेवटचा कीस उडवला आणि नळी खिडकीशी धरली. कोरलेली वेल बुडापर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढत होती. कुठेही कोरायचं कलम अडखळलं नव्हतं.

"झालं? दे इकडे. ऊन आहे तोवर फोटो काढून घेतो," रोदेल दारातूनच म्हणाला.

त्याने नळी पॉलिश लावून घासली. तांबं नुकतंच कापल्यासारखं गुलाबी झालं. ती काळ्या कापडावर आडवी ठेवून तो गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून त्याने फोटो घेतला आणि तिथेच बसून फोनवर विक्रीचा मजकूर लिहायला लागला. नेरिसाने त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'आपालितच्या रोदेल मनालास्तासच्या हातून.'

"कोया, या खेपेला माझं नाव टाक म्हटलं होतं."

"पुढच्या खेपेला."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास."

"अगं, कोया म्हणतेस ना? मग मोठा भाऊ म्हणून सांगतोय. लोक रोदेलला ओळखतात. तू टाकून बघितलं होतंस ना एकदा? काय झालं?"

काय झालं ते तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या नावाने टाकलेल्या नळीखाली पुरुषांनी विचारलं होतं, खरं कोरलंय कोणी? एकाने तर नळीचा राहू दे, तुझाच फोटो पाठव म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच नळी रोदेलच्या नावाने टाकली आणि संध्याकाळच्या आत गेली.

वाफ ओढायच्या या नळ्या साध्याच असायच्या. ना सर्किट, ना स्क्रीन. तांब्याचा किंवा पितळेचा जाड पोकळ दांडा, आत बॅटरी, बुडाला बटण. बटण दाबलं की वीज त्या धातूच्या अंगातूनच वर जायची, वरची गुंडाळी तापायची आणि तोंडातून ढग निघायचे. ढगांचं कौतुक सगळ्यांनाच होतं. पण ज्यांना खरं वेड होतं ते धातूवर वाद घालायचे. आरशासारखा ठेवायचा की हाताने काळा होऊ द्यायचा, यावरून दोन जिवलग मित्र महिनाभर बोलत नसत. याच शेडमध्ये त्यांचे वडील चर्चमधल्या संतांच्या मूर्तींसाठी चांदीचे मुकुट ठोकायचे. हातोडी दोघंही शिकली. कलम एकट्या नेरिसाला आलं. गोल पृष्ठावर रोदेलचा हात घसरायचा, आणि ते त्यालाही माहीत होतं.

नेरिसा काळ्या होऊ देणाऱ्यांतली. तिची स्वतःची एक नळी होती, बॅटरीशिवाय. ओढायला नाही, नुसती हातात धरायला. बाजारात जाताना ती मुठीत असायची. पहिल्यांदा तिचा गुलाबी रंग चहासारखा झाला, मग अंगठा टेकायचा तिथे जांभळट झाक आली. प्रत्येकाचा घाम वेगळा. एकाच पत्र्याच्या दोन नळ्या दोन माणसांच्या हातात दोन रंगांच्या होतात. हे तिला फार आवडायचं. आरसा सगळ्यांचा सारखाच.

रोदेल खोकी आणायला गेला. तिने नळी ॲसिटोनने पुसून तेलकटपणा काढला, पारदर्शक नेलपॉलिश पातळ केलं आणि वेलीखाली जिथे पृष्ठ किंचित खोलगट होतं, तिथे सगळ्यात बारीक ब्रशने आपलं नाव लिहिलं. वाळल्यावर नळी उजेडात फिरवून पाहिली. काहीच दिसत नव्हतं. दिसायला नकोच होतं. त्या अक्षरांखालच्या तांब्याला ना हवा लागणार, ना घाम. बाकीची नळी काळवंडली तरी तेवढं नाव आजच्यासारखंच गुलाबी राहणार.

जो रोज पॉलिश करील, त्याच्या हातून ते पुसलं जाईल. जाईना का.

ती नळी तिने स्वतःच्या हाताने खोक्यात भरली. नंतर एकही नळी नाव घातल्याशिवाय सोडली नाही.

काही आठवडे गेले. पहिला फोटो बातांगासहून आला. गडद तपकिरी तांब्यावर लखलखीत अक्षरं: नेरिसा. मग दुसरा आला, मग रोजच यायला लागले. रोदेल फोन घेऊन शेडमध्ये आला तेव्हा तिने कलम खाली ठेवलं आणि हात कमरेवर ठेवले. काय काय बोलायचं ते तिने केव्हाचं ठरवून ठेवलं होतं.

रोदेल हसत होता.

"वाच, वाच."

तिने वाचलं. 'कोया रोदेल, ही नेरिसा कोण? नशीबवान पोरगी!' 'मी जीपच्या दर्शनी भागावर बायकोचं नाव रंगवलंय, पण असं हळूहळू उमटणारं प्रेम आजवर पाहिलं नव्हतं.' 'माझ्या होणाऱ्या बायकोचं नाव असंच घालून द्याल का?' एकाने लिहिलं होतं, की नळी बघून तो रडला.

"आणि तू काय उत्तर दिलंस?"

"हृदयाचं चित्र टाकलं."

"रोदेल!"

"ओरडतेस काय? तुझं नाव हवं होतं ना तुला? आलं की गावभर!"

टेबलावरचा कीस तिने उघड्या तळव्याने लोटून डब्यात भरला. कीस टोचत होता, तरी झाडू घेतला नाही.

त्या शनिवारी सान फर्नांदोच्या दुकानात मेळावा होता. रोदेल दर वेळी जायचा, एकटाच. या खेपेला जीपमध्ये चढताना नेरिसाही चढली. तिच्या मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेला व्हाइस, नळी आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, होता.

"हे कशाला?"

"जड आहे. एका बाजूने धर."

दुकानात आंब्याच्या आणि पुदिन्याच्या वासाचा धूर भरला होता. कोपऱ्यात तापल्या तव्यावर डुकराच्या मांसाचं सिसिग चरचरत होतं. रोदेल आत शिरताच तेओफिलो नावाच्या जीपवाल्याने त्याला मिठीच मारली.

"आला रे आला, आपला प्रेमवीर!"

तेओफिलोचा हात दिवसभर स्टिअरिंगवर घामेजलेला. त्याची नळी जवळजवळ काळी झाली होती, कडेला निळसर जांभळी. त्या काळ्यावर नेरिसा हे नाव निखाऱ्यासारखं दिसत होतं. तिला क्षणभर सगळं विसरून ती नळी हातात घ्यावीशी वाटली.

"तुझ्या नेरिसाला आणलंस का नाही? का लपवून ठेवलीस?" तेओफिलोने रोदेलला विचारलं.

"मीच नेरिसा," ती म्हणाली. "याची बहीण."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी हळहळलं, "बहीण होय!" आणि सगळे हसले.

तेओफिलो हसला नाही. त्याने रोदेलचा खांदा दाबला. "अरे, बहिणीवर इतकी माया! आजकाल कोण करतं रे असं?"

"हो ना," रोदेल म्हणाला.

नेरिसाने काउंटरवरचे पेले बाजूला सारले आणि व्हाइस कडेला आवळून बसवला.

"तुमची नळी द्या जरा."

"पुसणार नाही ना?" तेओफिलोने ती छातीशी धरली.

"नाही."

तिने बॅटरी काढून त्याच्या हातात दिली, नळी चामड्याच्या तुकड्यात धरून आवळली आणि पिशवीतून कलम काढलं.

"ओ मॅडम, राहू द्या," मागचा एकजण घाईने पुढे आला. "रोदेल आहे ना इथे. हात घसरला तर वाट लागेल नळीची."

"नेरिसा," रोदेल हळूच म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

तिने कलम उलटं धरून मूठ त्याच्याकडे केली.

"घे. तू कर."

रोदेलने कलमाकडे पाहिलं. मग व्हाइसमधल्या त्या गोल, काळ्या नळीकडे पाहिलं. त्याचा हात अर्धा उठला आणि पँटच्या खिशात गेला.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. घाई नव्हती. मग कलम फिरवून टोक वेलीच्या देठाशी टेकवलं आणि अंगठ्याने रोखून पुढे ढकललं. काळ्यातून गुलाबी रेघ निघाली. कलमापुढे तांब्याचा केसासारखा धागा वळत गेला आणि तुटून काउंटरवर पडला. लोक जवळ सरकले. कोणी बटण दाबत नव्हतं. धूर हळूहळू वर जाऊन पंख्यापाशी विरला. पानाची एक बाजू झाली, दुसरी झाली, आणि टोकाशी दोन्ही रेघा केसाचंही अंतर न ठेवता मिळाल्या.

तेओफिलो तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याने नावाकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे.

"मग हा रोदेल कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

नेरिसाने मान वर केली नाही.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "फोटो छान काढतो."

आणि तिने पानाची मधली शीर ओढायला घेतली.