पिवळं स्वेटर

"ते शब्द टाकून दे हं. कुणाला दाखवू नकोस," पियानोचं झाकण लावता लावता डोरीनने बजावलं होतं. ग्लेनिसने "हो गं बाई" म्हटलं आणि लेकीची दुधाची बाटली शोधायला पिशवीत हात घातला.

लंडनमधल्या एका गाण्यांच्या प्रकाशकाच्या माडीवर दोघी गाणी रचायच्या. चाल डोरीनची, शब्द ग्लेनिसचे. चाल सुचली की ती निसटू नये म्हणून डोरीन तोंडाला येईल ते गायची, 'अंडी उकडली, पाव करपला' असलं काहीही. हे भरतीचे शब्द. ते कुठून आले हे विचारायचं नाही आणि खरे शब्द मिळाले की ते फेकायचे, अशी त्या धंद्यातली रीतच होती.

त्या दिवशी डोरीनच्या तोंडी आलं, 'पिवळं स्वेटर, वरचं बटण चुकलं, आता कोण नीट लावील?'

ग्लेनिसने खूप डोकं खाजवलं. चंद्र आणून पाहिला, आणाभाका आणून पाहिल्या. चालीवर काही बसेना. बटण मात्र असं बसलं होतं की हलेना. अखेर तिने तेच ठेवलं, भोवती प्रेयसीला सोडून घाईने निघालेला एक पोरगा रचला आणि कागद प्रकाशक पेटिफरसाहेबांपुढे टाकला.

"बाकी सगळा भुसा आहे पोरी," साहेब म्हणाले, "पण हे बटण कुठून काढलंस?"

"सुचलं."

डोरीनला कळलं तेव्हा रेकॉर्ड बाजारात होती.

"फेकलं नाहीस तू."

"अगं, सगळ्यात झकास ओळ तीच! आणि तुझंही नाव छापलंय की त्यावर."

"हो ना," डोरीन म्हणाली. "निदान त्यावर तरी."

गाणं फार वर चढलं नाही. खपाच्या यादीच्या मधोमध पोचलं आणि घसरलं. पण त्या उन्हाळ्यात दूधवाला त्याचीच शीळ घालायचा, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरी 'बटण' म्हटलं की दोन टाळ्या वाजवायच्या. डोरीन माडीवर यायची बंद झाली.

"मागेही अशीच गेली होती," पेटिफर वैतागले. "छातीचं दुखणं म्हणून मावशीकडे, चांगले पाच महिने. तू दुसरी चालवाली बघ."

एका सकाळी ग्लेनिस घाईत लेकीला स्वेटर चढवत होती. वरचं बटण भलत्याच काजात गेलं आणि तिचा हात थांबला. छातीचं दुखणं. पाच महिने. परत आल्यापासून डोरीनने बाबागाडीत एकदाही डोकावलं नव्हतं, आणि ग्लेनिस तिला कोरडी समजत आली होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींच्या आश्रमात, बाळ देऊन टाकायच्या दिवशी, आईनेच त्याला स्वतः विणलेले कपडे घालायचे असतात. हे कोणाला ठाऊक नव्हतं? ग्लेनिसलाही होतं.

पत्ता काढत ती मोरकंबला, समुद्रकाठच्या त्या गावी गेली. डोरीन तिथल्या चहाच्या दुकानात पियानो वाजवते, असं तिला कळलं होतं. "वाजवायची," मालकीण म्हणाली. "सुट्टीवर आलेली माणसं ते बटणाचं गाणं मागायची. एकदा अर्ध्यावर उठली ती गेलीच. चांगली होती हो, पण जरा तऱ्हेवाईक."

घरी डोरीनने दाराची साखळी काढली नाही. फटीतून निम्मा चेहरा दिसला, पार वाळलेला.

"लेकीला आणलंयस?"

"नाही."

"बरं केलंस."

"डोरीन, मला खरंच कळलं नव्हतं गं..."

"कळायला कशाला हवं होतं? फेक म्हटलं होतं."

दार लागलं. नंतर ग्लेनिस दोनदा गेली. आतून हालचाल ऐकू आली, दार उघडलं नाही.

मोरकंबला तुमचं कुणाचं जाणं झालं, तर धक्क्यामागच्या गल्लीत हिरव्या दाराचं घर आहे, सगळ्यात वरची खोली. ग्लेनिसला ती उघडणार नाही, तुम्हाला कदाचित उघडेल. जेवते का, शेगडी पेटवते का, एवढं बघून या. फक्त जिना चढताना काही गुणगुणू नका.